‘मी बांधलेला आहे’ : पोर्तुगीज बोलीतील आभाराची रीत

एखाद्या समाजाची उपकाराविषयी काय समजूत आहे हे पाहावयाचे असेल, तर त्याच्या भाषेतील आभाराचा शब्द फोडून पाहावा. आपला ‘कृतज्ञ’ हा शब्द घ्या. जे केले गेले ते जाणणारा, तो कृतज्ञ. आपल्या पूर्वजांनी उपकाराचे मर्म जाणिवेत पाहिले. इंग्रजांचा ‘थँक’ हा शब्दही विचार करणे या अर्थाच्या ‘थिंक’चा भाऊबंद आहे. फ्रेंचांचा ‘मेर्सी’ लॅटिन भाषेतील मजुरी, मोबदला या अर्थाच्या शब्दापासून निघाला आणि पुढे कृपा या अर्थाला पोहोचला. पोर्तुगीज मनुष्य मात्र या सर्वांहून निराळे बोलतो. कोणी त्याचे काम केले की तो म्हणतो, ‘ओब्रिगादु’. याचा सरळ अर्थ, ‘मी बांधलेला आहे’.

तेराव्या शतकातील ख्रिस्ती तत्त्वज्ञ सेंट टॉमस अक्वायनस याने कृतज्ञतेच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. झालेला उपकार ओळखणे ही पहिली. तो मुखाने बोलून दाखविणे ही दुसरी. आणि योग्य स्थळी, योग्य वेळी, आपल्या ऐपतीप्रमाणे त्याची फेड करणे ही तिसरी. या मापाने पाहिले, तर ‘कृतज्ञ’ पहिल्या पायरीवर उभा आहे आणि ‘ओब्रिगादु’ने एकदम तिसरीवर पाऊल ठेविले आहे. फेड अजून झालेली नाही, पण ती करण्यास आपण बांधलो गेलो आहोत, अशी कबुली त्या एका शब्दात आहे.

एवढा जड शब्द रोजच्या व्यवहारात, मित्रामित्रांत, शेजारीपाजारी कसा चालत असेल? दोन क्षण छत्री धरली म्हणून कोणी जन्माचा बांधला जात नाही, आणि आजारपणात रात्रभर उशाशी बसलेल्या मैत्रिणीला एका शब्दात वाटेला लावता येत नाही. पोर्तुगीज बोलीने ही अडचण कशी सोडविली, हे पाहण्यासारखे आहे. पोर्तुगाल, ब्राझील, अंगोला, मोझांबिक इत्यादि देशांत मिळून ही भाषा बोलणाऱ्यांची संख्या पंचवीस कोटींच्या आसपास जाते, आणि त्यांपैकी वीस कोटींहून अधिक लोक एकट्या ब्राझीलमध्ये आहेत. म्हणून येथे पोर्तुगाल व ब्राझील या दोन घरांच्या रीती आम्ही मुख्यत्वे सांगणार आहोत. उच्चार देवनागरीत साधतील तितके दिले आहेत. लिस्बन व रिओ यांच्या उच्चारांत बराच फरक आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

शब्दाची घडण

‘ओब्रिगार’ हे क्रियापद लॅटिनमधील बांधणे या अर्थाच्या धातूपासून आले आहे. आजच्या पोर्तुगीज भाषेत त्याचा दुसरा अर्थ भाग पाडणे, सक्ती करणे असा आहे. ‘मला जाणे भाग आहे’ असे म्हणावयाचे झाल्यासही हाच ‘ओब्रिगादु’ वापरतात. पूर्वी ‘मी आपला फार बांधलेला आहे’ असे पूर्ण वाक्य बोलत. पुढे वाक्य गळून गेले आणि एक विशेषण तेवढे शिल्लक राहिले.

ते विशेषण असल्यामुळे ते बोलणाऱ्याच्या लिंगाप्रमाणे बदलते. पुरुष ‘ओब्रिगादु’ म्हणतो, स्त्री ‘ओब्रिगादा’ म्हणते. समोर कोण आहे याचा येथे संबंध नाही. नवशिक्या हमखास उलटे करतो. बाईंचे आभार मानावयाचे म्हणून पुरुष ‘ओब्रिगादा’ म्हणून जातो. आपण मराठीत ‘मी आभारी आहे’ म्हणताना लिंग लपून राहते, परंतु ‘मी दमलो’ आणि ‘मी दमले’ हा भेद आपल्या कानाला परिचित आहे. तोच येथे लावावा म्हणजे चूक होणार नाही. ब्राझीलमध्ये अनेक स्त्रियाही सहज बोलताना ‘ओब्रिगादु’ म्हणतात आणि वैय्याकरण त्यावर नाक मुरडतात. पुरुषांना मात्र ही सूट नाही.

हा शब्द समुद्र ओलांडून दूरवर गेला. पूर्व तिमोरच्या तेतुम भाषेत आभाराचा रूढ शब्द ‘ओब्रिगादु’ हाच आहे. त्या भाषेच्या व्याकरणात लिंगभेद नाही. तरी पुरुषाने ‘ओब्रिगादु’ व स्त्रीने ‘ओब्रिगादा’ म्हणावे हा पाहुण्या शब्दाचा नियम तिने सांभाळला आहे. जपानी लोकांचा ‘आरिगातो’ हाही याच शब्दाचा अपभ्रंश, असे पुष्कळदा सांगितले जाते. पण ते खरे नाही. पोर्तुगीज लोक 1543 साली जपानच्या किनाऱ्यास लागले, आणि ‘आरिगातो’चे मूळ असलेला ‘दुर्मीळ’ या अर्थाचा शब्द जपानी भाषेत त्याच्या कितीतरी आधीपासून नांदत होता.

लहानसहान उपकार

घरगुती बोलण्यात या शब्दाचे पहिले अक्षर बहुधा गळते आणि ‘ब्रिगादु’ उरतो. दार धरून ठेविले, मीठ पुढे सरकविले, की ‘ब्रिगादु’ म्हणून माणूस पुढे जातो. शब्द जसा हलका झाला तसे बंधनही हलके झाले. याच शब्दाला लहानपणाचा प्रत्यय लावून ‘ओब्रिगादिन्यु’ किंवा ‘ओब्रिगादिन्या’ आणि मोठेपणाचा प्रत्यय लावून ‘ओब्रिगादाउं’ अशी रूपे करतात. ‘बाळ’चे ‘बाळुल्या’ करताना आपण जी माया प्रत्ययात ओततो, तसलीच ती माया आहे. परंतु सावध राहावे. पोर्तुगालमध्ये ‘ओब्रिगादिन्यु’ सूर बदलून म्हटला, तर ‘मोठे उपकार केलेत!’ या आपल्या टोमण्याचे काम तो चोख करतो.

ब्राझीलच्या तरुण मंडळींनी तर बंधनाची भाषाच बाजूस ठेविली आहे. तेथे मित्राने पुस्तक आणून दिले, गाडीवरून घरापर्यंत सोडले, की ‘वालेऊ!’ असा एकच उद्गार निघतो. ‘वालेर’ म्हणजे किंमत असणे, मोलाचे ठरणे. तेव्हा ‘वालेऊ’ म्हणजे ‘मोलाचे झाले’. ‘मी’ नाही, ‘तू’ नाही, ऋण नाही. केलेल्या कामाला तेवढी दाद दिली. बरोबरीच्या माणसांत हा शब्द शोभतो. वडीलधाऱ्यांना, शिक्षकांना किंवा डॉक्टरांना तो कोणी म्हणत नाही.

हे तारतम्य समजण्यासाठी त्यांची संबोधने पाहिली पाहिजेत. पोर्तुगालात मित्र, भावंडे, लहान मुले यांना ‘तु’ म्हणतात आणि मान्य पुरुषास ‘उ सेन्योर’, स्त्रीस ‘आ सेन्योरा’ म्हणतात. वडील बाईंच्या नावामागे ‘दोना’ लावण्याची चाल दोन्ही देशांत आहे. आपण नावापुढे ‘ताई’ किंवा ‘बाई’ लावतो त्यासारखीच ती आहे. ब्राझीलच्या बहुतेक भागांत मित्रालाही ‘वोसे’ म्हणतात. तोच ‘वोसे’ पोर्तुगालमध्ये मित्राला म्हटला तर अवघडल्यासारखे होते. हा ‘वोसे’ मुळात ‘वॉसा मेर्से’, म्हणजे ‘आपली कृपा’ या आदरार्थी संबोधनाचा झिजलेला अवशेष आहे. आज ब्राझीलमध्ये चहाच्या टपरीवरचा मुलगाही ज्या शब्दाने हाक मारला जातो, त्याच्या पोटात कृपेचा शब्द निजलेला आहे.

मोठे उपकार

उपकार मोठा असला, की बोलीला पुन्हा ऋणाकडे वळावे लागते. पण ती हिशेबाची वही काढीत नाही. पोर्तुगालात मित्र म्हणतो, ‘फिकु-त आ देवेर ऊमा’. ब्राझीलमध्ये म्हणतो, ‘ते देवु ऊमा’. दोन्हींचा अर्थ, ‘तुझे एक माझ्याकडे लागू राहिले’. एक काय, ते कोणी सांगत नाही. वाक्यातून नाम मुद्दाम गाळलेले असते. रक्कम लिहिली नाही म्हणजे ती चुकविताही येत नाही, आणि तशी ती चुकती करावी असे कोणाच्या मनातही नसते. दोन मित्रांमध्ये काहीतरी येणे-देणे शिल्लक असावे, त्या निमित्ताने पुन्हा गाठ पडावी, हाच त्यातला भाव.

ब्राझीलचा आणखी एक वाक्प्रचार मोठा गमतीचा आहे. अडल्या वेळी कोणी काम निभावून दिले, तर त्याने ‘फांदी मोडली’ असे म्हणतात. ‘केब्रार उं गाल्यु’. नळ गळत असताना शेजाऱ्याने येऊन तात्पुरता बंद केला, रजेवर गेलेल्या सोबत्याची पाळी दुसऱ्याने घेतली, म्हणजे फांदी मोडली. आभार मानताना ‘तू माझी मोठीच फांदी मोडलीस’ असे म्हणण्यात झालेल्या कामाची नेमकी ओळख असते. ही नेमकी ओळख त्यांच्या रीतीचा महत्त्वाचा भाग आहे. नुसते ‘ओब्रिगादा’ म्हणून थांबण्यापेक्षा ‘आल्याबद्दल ओब्रिगादा’, ‘आईजवळ बसल्याबद्दल ओब्रिगादा’, असे काम नाव घेऊन सांगितले, तर ऐकणाऱ्याला आपले श्रम दिसले असे वाटते.

आणि मग फेड. पोर्तुगालमध्ये ती पुष्कळदा ‘तुला एक कॉफी पाजतो’ या वाक्यातून सुरू होते. लहानशा पेल्यातली ती कडक कॉफी, जिला लिस्बनचे लोक ‘बीका’ म्हणतात, किमतीने अगदी क्षुल्लक. उपकाराची तिच्याशी तुलनाच नाही. परंतु त्या पेल्याभोवती अर्धा तास जातो, विचारपूस होते, आणि उपकार करणाऱ्यास आपण कामापुरते आठवले गेलो असे वाटत नाही. ‘प्रेमाची फेड प्रेमाने’ या अर्थाची म्हण त्या भाषेत फार जुनी आहे.

ज्याची फेड देवच करील

परंतु काही उपकार असे असतात, की घेणाऱ्याजवळ परत देण्यास काहीच नसते. गरिबाने श्रीमंताचे, अनोळख्याने अनोळख्याचे, मरणाच्या दारातल्याने वाचविणाऱ्याचे काय द्यावे? अशा वेळी पोर्तुगीज बोली ऋण आपल्या खांद्यावरून उचलून देवाच्या खात्यावर टाकते. ‘देउस ल्ये पागे’, म्हणजे ‘देव तुमचे देणे फेडो’. भिक्षा मिळालेला म्हातारा हे म्हणतो, आणि खेड्यातली आजी शेजारणीलाही हेच म्हणते. यातला ‘पागे’ हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. पैसे देणे, चुकते करणे या अर्थाच्या ‘पागार’ या क्रियापदाचे ते रूप. आणि तोच ‘पागार’ पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर उतरून मराठीत ‘पगार’ होऊन बसला आहे. दरमहा पगाराची वाट पाहणाऱ्या आपल्या घरांत हा आशीर्वादाचा शब्द असा निराळ्या वेषात वावरतो.

पोर्तुगालच्या बेइरा या अंतर्भागात ‘बें आजा’ असे म्हणतात. ‘तुमचे भले असो’. तेथील लोकांना हा शब्द ‘ओब्रिगादु’पेक्षा अधिक उबदार वाटतो, कारण त्यात आपण बांधलो गेल्याची भाषा नाही, समोरच्याचे कल्याण तेवढे आहे. येथे गोमंतकाची आठवण होणे अपरिहार्य आहे. 1510 ते 1961 पर्यंत जेथे पोर्तुगीज सत्ता होती, तेथील कोंकणी माणूस आभार मानताना ‘देव बरें करूं’ म्हणतो. कोणी कोणाकडून उचलले हा वाद घालण्याचे कारण नाही. ‘देव तुझे भले करो’ हे आपल्या आज्याही म्हणतच आल्या आहेत. ज्याची फेड आपल्या हातून होण्याजोगी नाही, ती देवावर सोपवावी, ही बुद्धी अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे उपजली असावी.

असे पवित्र शब्द उपरोधाच्याही कामी येतात. ‘देउस ल्ये पागे’ याच नावाचे जोरासी कामार्गु यांचे नाटक ब्राझीलमध्ये 1932 साली रंगभूमीवर आले. त्याचा नायक एक तत्त्वज्ञ भिकारी आहे. पुढे 1964 ते 1985 या लष्करी राजवटीच्या काळात, 1971 साली शिकु बुआर्की या गायक-कवीने हेच शब्द शीर्षकास घेऊन एक गीत रचिले. जगण्यापुरती हवा व अन्न ‘मिळू दिल्या’बद्दल सत्ताधीशांचे आभार मानावे, असा त्याचा तिखट सूर आहे. जेथे हक्काची गोष्ट उपकार म्हणून दिली जाते, तेथे आभाराचा शब्द कसा शस्त्र होतो, हे त्यावरून दिसते.

गाठ सोडणारे उत्तर

आतापर्यंत घेणाऱ्याचे बोलणे पाहिले. पण देणाऱ्याचे उत्तरही तितकेच महत्त्वाचे. किंबहुना या रीतीचे सौंदर्य त्या जोडीत आहे. एकाने ‘मी बांधलेला आहे’ म्हणावे आणि दुसऱ्याने तत्काळ गाठ सोडावी. ‘द नादा’, म्हणजे ‘कशाचेच नाही’. ‘नाउं आ द के’, म्हणजे ‘आभाराचे कारणच नाही’. पोर्तुगालमध्ये ‘ऑरा एसा!’, आपल्या ‘हे काय भलतेच!’ या थाटाचे. ब्राझीलमध्ये ‘इमाजिना!’, म्हणजे ‘कल्पना तरी करा!’; एवढ्याशा गोष्टीचे आभार कोणी मानते काय, असा अर्थ. कधी गाठ उलट आपल्याच अंगावर घेतात: ‘ओब्रिगादु एऊ’, म्हणजे ‘बांधलेला तर मी’. आणि ब्राझीलच्या तरुणांचे उत्तर सर्वांत साधे: ‘तामु जुंतु’, म्हणजे ‘आपण बरोबर आहोत’. जेथे दोघे एकाच बाजूला उभे आहेत, तेथे कोणी कोणाचे ऋण मानावे?

भेट स्वीकारतानाही अशीच एक लकब आहे. यजमाणीच्या हाती मिठाईचा पुडा दिला, की ती म्हणते, ‘नाउं प्रेसिझावा!’, ‘याची काही गरज नव्हती!’ म्हणून पुडा परत घेऊ नये. आपल्याकडेही ‘कशाला आणलेत हे?’ म्हणणारी गृहिणी पुडा ताटात काढीतच असते.

देणाऱ्याने गाठ सोडली नाही, तर काय होते हे सांगावयास नको. केलेले बोलून दाखविणारा उपकारकर्ता सर्व देशांत सारखाच नकोसा होतो. आणि घेणाऱ्याने ती बांधूनच घेतली नाही, तर देणाऱ्याचे ‘कशाचेच नाही’ हे शब्द खरे ठरतात, ते मात्र त्याला बोचतात. दोघांनीही आपापला अर्धा भाग पार पाडावा लागतो.

आपल्या घरांसाठी

आज आपल्या कुटुंबांतील मुले-मुली शिक्षणासाठी व नोकरीसाठी लिस्बनला, साओ पाउलोला जातात. त्यांनी एवढे लक्षात ठेवावे: आपल्या लिंगाप्रमाणे शब्द निवडावा; वडिलांना पूर्ण शब्द व मित्रांना हलका शब्द द्यावा; काम नाव घेऊन सांगावे; आणि कोणी आपले आभार मानले, तर गप्प न राहता गाठ सोडण्याचे उत्तर द्यावे. मौन तेथे अनेकदा तुसडेपणाचे समजले जाईल.

परंतु घरी राहणाऱ्यांनाही या रीतीत विचार करण्यासारखे काही आहे, असे आम्हांस वाटते. एकत्र कुटुंबात आभार मानणे हे परकेपणाचे लक्षण, अशी आपली जुनी समजूत. सुनेने पहाटे उठून वीस माणसांचा स्वयंपाक केला, धाकट्या दिराने रात्री औषध आणून दिले. कोणी ‘आभारी आहे’ म्हटले असते तर उलट मन दुखावले असते. या समजुतीत सत्य आहे. ‘आभार’ या शब्दातच ‘भार’ दडलेला आपल्या कानाला जाणवतो, आणि आपल्या माणसाच्या डोक्यावर भार ठेवू नये हे योग्यच. तथापि, अक्वायनसच्या तीन पायऱ्यांपैकी दुसरी गाळावयाची असेल, तर पहिली व तिसरी अधिक बळकट हव्यात. ज्या घरात सुनेचे श्रम कोणाच्या ध्यानातच येत नाहीत, आणि तिच्या आजारपणात तिच्या हातचे काम कोणी उचलीत नाही, तेथले मौन जिव्हाळ्याचे म्हणता येणार नाही. तो विसर आहे. जिव्हाळा व विसर यांचा बाह्य वेष एकच असल्यामुळे आपली फार मोठी फसगत होते, आणि तिचा खर्च बहुधा घरातील बायकांच्या खात्यावर पडतो.

पोर्तुगीज घरांत लहान मुलाच्या हाती काही दिले आणि ते गप्प राहिले, की वडील माणूस विचारतो, ‘काय म्हणतात?’ आणि मूल ‘ओब्रिगादु’ म्हणते. आईने ताट वाढले तरी म्हणते. आपण हा शब्द उसना घ्यावा असे आम्ही म्हणत नाही. ‘आज आमटी छान झाली होती’, ‘दमलीस, आता तू बस’, ‘तू होतीस म्हणून निभावले’ ही वाक्ये आपल्याच भाषेतली आहेत, आणि त्यांत भार मुळीच नाही. मोलाचे झाले, हे बोलून दाखविणारी ती आपली ‘वालेऊ’च होत. ती बोलावयास पैसा लागत नाही, परकेपणा येत नाही. आणि बोलून झाल्यावर उठून ताटे उचलली, म्हणजे तिसरी पायरीही गाठली जाते.